संस्थेचें प्रमाणपत्र: तें कसें मिळतें, आणि दात्यानें त्यावर किती विसंबावें

दुष्काळनिवारणाच्या कामासाठीं ज्या सद्गृहस्थांपुढें आम्ही हात पसरतों, त्यांपैकीं बहुतेकांचा पहिला प्रश्न अलीकडे एकच असतो: ‘आपल्या संस्थेस प्रमाणपत्र आहे काय?’ प्रश्न योग्य आहे. वसई, विरार व नालासोपारा येथील व्यापारी, आगाशी-अर्नाळ्याकडील बागाईतदार आणि वालीव-गोखिवऱ्याचे कारखानदार यांनीं कष्टानें मिळविलेला पैसा कोणाच्या हातीं द्यावा, हें विचारण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे. परंतु प्रमाणपत्र म्हणजे नेमका कोणता कागद, तो कोण देतो, कशाची पाहणी करून देतो आणि कशाची पाहणी न करतां देतो, याची स्पष्ट कल्पना विचारणारास नसते, व पुष्कळदां उत्तर देणारासही नसते. त्यामुळें दोन प्रकारचे अनर्थ होतात. भिंतीवर सोनेरी चौकटींतून दाखले टांगणाऱ्या पोकळ संस्थेस देणगी मिळते. आणि मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर खरोखर पाणी पोंचविणारी, पण कागदांत कच्ची असलेली लहान संस्था रिकाम्या हातानें परत जाते. हे दोन्ही अनर्थ टळावे, एवढ्याच हेतूनें पुढील चार शब्द लिहिले आहेत.

वाचकांपैकीं जे जमीनदार आहेत, त्यांस सातबाराचा उतारा परिचित आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें अधिकार-अभिलेखांतील नोंद, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरी मानावयाची असते; परंतु केवळ फेरफार मंजूर झाला म्हणून मालकी उत्पन्न होत नाहीं, हें न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे. जे व्यापारी आहेत, त्यांच्या कांट्यावर वजनमापें तपासणाऱ्या निरीक्षकाचा शिक्का असतो. तो शिक्का इतकेंच सांगतो कीं, तपासणीच्या दिवशीं कांटा बरोबर होता. त्यानंतर दुकानदारानें पारड्यास बोट लावलें नाहीं, असें तो सांगत नाहीं. संस्थेच्या प्रमाणपत्राचें स्वरूप याहून निराळें नाहीं. अमुक दिवशीं, अमुक बाबीची, अमुक तिऱ्हाइतानें पाहणी केली आणि ती त्यास समाधानकारक वाटली, एवढाच त्याचा अर्थ. हा अर्थ थोडा आहे. परंतु तो टाकाऊ नाहीं.

तिऱ्हाइताची साक्ष घेऊन मग लोकांपुढें उभें राहण्याची ही चाल आपल्याकडे परकी आहे, असेंही कोणी समजूं नये. १८७० सालीं पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हां तिनें सभासदत्वासाठीं अट अशी घातली कीं, सभासद होऊं इच्छिणारानें निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें. ‘आम्ही लोकांचे’ असें नुसतें म्हणून चालत नसे; कोणत्या लोकांचे, तें कागदावर दाखवावें लागे. पुढें १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत याच सभेनें ठिकठिकाणची हकीकत मिळवून सरकारपुढें मांडली. ज्यांच्या सह्यांचा कागद आधीं दाखविलेला होता, त्यांच्या वतीनें बोलण्याचा तिचा अधिकार कोणास सहज नाकारतां येण्याजोगा नव्हता.

आतां आजच्या काळाचे कागद पायरीपायरीनें पाहूं.

पहिली पायरी: कायद्याची नोंदणी

आपल्या राज्यांत लोकसेवेची संस्था बहुधा दोन कायद्यांखालीं नोंदली जाते. १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा हा पहिला. सात अगर अधिक माणसें एकत्र येऊन उद्देशपत्रक व नियमावली दाखल करतात, आणि संस्थेस नांव मिळतें. दुसरा १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा. त्यास आतां मुंबईऐवजीं महाराष्ट्राचें नांव मिळालें आहे. या दुसऱ्या कायद्याच्या व्याख्येंत धर्मादाय हेतूची सोसायटीही येत असल्यामुळें बहुतेक संस्थांस दोन्ही नोंदण्या कराव्या लागतात. दारिद्र्याचें अगर संकटाचें निवारण हा हेतु त्या कायद्याच्या ९ व्या कलमांत स्पष्ट सांगितलेला असून दुष्काळनिवारण त्यांतच मोडतें.

नोंदणी झाली म्हणजे संस्था चांगली ठरली, असें नव्हे. ती सांपडण्याजोगी झाली, एवढेंच. तिचे विश्वस्त कोण व मिळकत कोणती, हें धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहींत लिहिलें जातें. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत तसा बदल-अर्ज द्यावा लागतो. हिशेब ठेवणें ३२ व्या कलमानें आणि ते दरवर्षीं तपासून घेणें ३३ व्या कलमानें बंधनकारक आहे. स्थावर मिळकत विकावयाची तर ३६ व्या कलमाप्रमाणें आयुक्तांची मंजुरी आधीं घ्यावी लागते. या नोंदवहीचा उतारा, ज्यास कचेरींत ‘शेड्यूल एक’ म्हणतात, तो दात्यानें अवश्य मागावा. ज्यांच्या सह्यांनीं देणगी मागितली जात आहे, त्यांचीं नांवें त्या उताऱ्यावर आहेत कीं नाहींत, हें पाहण्यास पांच मिनिटेंही लागत नाहींत. वकिलीच्या धंद्यांत संस्थांचे जे तंटे माझ्या पाहण्यांत आले, त्यांपैकीं बहुतेकांचें मूळ याच जागीं होतें. जुने विश्वस्त वारले, नवे आले, बदल-अर्ज कोणीं दिला नाहीं, आणि वीस वर्षांनीं पाहावें तों कागदावर मृतांचेंच राज्य चालू!

दुसरी पायरी: सवलतींचे परवाने

१९६१ च्या आयकर कायद्यांतील, संस्थेच्या उत्पन्नास सूट देणारें १२ ए आणि दात्यास वजावट देणारें ८० जी, हीं दोन कलमें व्यापारीवर्गास तोंडपाठ आहेत. ज्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरविण्यांत आला, त्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यांत कलमांचे आकडे बदलले आहेत. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षां आशय लक्षांत ठेवणें बरें. २०२१ पासून ही मान्यता एकदां मिळाली कीं कायमची, असें राहिलेलें नाहीं. ती मुदतीची असते व पुन्हां मागावी लागते. संस्थेनें दरवर्षीं दात्यांची यादी आयकर खात्याकडे सादर केली नाहीं, तर दात्याची वजावट अडून राहते.

तीन गोष्टी येथें स्पष्ट सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांवरून मागाहून रुसवे होतात. २,००० रुपयांवरील रोख देणगीस वजावट मिळत नाहीं. तांदूळ, डाळ, घोंगड्या अशा वस्तुरूप दानासही ती मिळत नाहीं. आणि ज्या व्यक्तींनीं करआकारणीची नवी पद्धति पत्करली आहे, त्यांस ही वजावट मुळींच नाहीं. हें न सांगतां पावती फाडून देणारी संस्था दात्याची दिशाभूल करते.

मोठ्या कंपन्यांस २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानें, ठराविक मर्यादेपुढें, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकीं निदान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यास लावावी लागते. असा पैसा घेणाऱ्या संस्थेस एप्रिल २०२१ पासून सी. एस. आर.-१ ही नोंदणी आवश्यक झाली आहे. परदेशचा पैसा घ्यावयाचा तर २०१० च्या परकीय देणगी नियमन कायद्याची नोंदणी हवी. हे सर्व परवाने होत. गुणाची पारख नव्हे. संस्था कायद्याच्या कक्षेंत आहे, असें त्यांवरून कळतें. टँकर पाड्यावर पोंचला कीं नाहीं, हें त्यांपैकीं एकही कागद सांगत नाहीं.

तिसरी पायरी: गुणवत्तेचें प्रमाणपत्र

गुणवत्तेचें प्रमाणपत्र सक्तीचें नाहीं. संस्था आपण होऊन तें मागते. त्याचे तीन मार्ग दात्यांस ठाऊक असावे.

पहिला मार्ग देशांतील संस्थांनींच आपल्याकरितां काढलेला आहे. ‘क्रेडिबिलिटी अलायन्स’ या नांवाचा स्वयंसेवी संस्थांचा संघ २००४ सालीं नोंदला गेला. ठिकठिकाणच्या संस्थांशीं विचारविनिमय करून ‘किमान’ व ‘इष्ट’ अशा दोन दर्जांचे नियम ठरविण्यांत आले. त्यांत थोर तत्त्वज्ञान नाहीं. घरगुती शहाणपण आहे. संस्थेचा पत्ता प्रत्यक्ष जाऊन पाहतां यावा. व्यवस्थापक मंडळाच्या वर्षांत निदान दोन सभा गणपूर्तीसह व्हाव्या व त्यांचा वृत्तांत लिहिलेला असावा. मंडळांतील निम्म्याहून अधिक सभासद एकमेकांचे रक्ताचे अगर लग्नाचे नातलग नसावे, तसेच निम्म्याहून अधिक पगारी नसावे. तपासलेले हिशेब मागणारास मिळावे. संस्थेच्या प्रमुखाचें, तसेंच सर्वांत अधिक व सर्वांत कमी पगार घेणाऱ्या नोकरांचें वेतन उघड असावें. हा शेवटचा नियम वाचून कित्येक संस्थाचालकांच्या कपाळावर आठी पडते, आणि दात्यानें ती आठी लक्षांत ठेवावी.

प्रमाणपत्र मिळविण्याचा क्रम सरळ आहे. संस्था अर्ज करते, आपली परीक्षा आपणच करून पत्रकें भरते व कागदपत्रें जोडते. नंतर बाहेरचा पाहणीदार येऊन कचेरी, दप्तर व प्रत्यक्ष काम पाहतो. त्याच्या अहवालावर निराळी समिति निर्णय देते. प्रमाणपत्र मुदतीचें असतें. मुदत सरल्यावर पुन्हां तीच परीक्षा.

दुसरा मार्ग आय. एस. ओ. ९००१ या मानकाचा. १९४७ पासून काम करणारी ही आंतरराष्ट्रीय मानकसंस्था जिनीव्हा येथें आहे; तिचें हें मानक १९८७ सालीं प्रथम निघालें आणि त्याची २०१५ ची आवृत्ति विशेष परिचित आहे. लोकांचा मोठा गैरसमज असा कीं, प्रमाणपत्र ही मानकसंस्थाच देते. वस्तुतः ती फक्त नियम लिहिते. तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था वेगळ्या व स्वतंत्र असतात; आणि या तपासणाऱ्यांस तपासणारें मंडळही असतें. आपल्या देशांत तें काम भारतीय गुणवत्ता परिषदेचें एन. ए. बी. सी. बी. या आद्याक्षरांनीं ओळखलें जाणारें मंडळ करतें. म्हणून ‘आय. एस. ओ.’ एवढीं अक्षरें पाहून समाधान मानूं नये. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेस स्वतःस कोणाची मान्यता आहे, तें चिन्ह पाहावें. ज्यासाठीं पाहणीस कोणी आलेंच नाहीं, आणि पैसे भरतांच जें आठवड्यांत टपालानें घरीं आलें, तें प्रमाणपत्र छापखान्याच्या बिलाच्या मोलाचें समजावें.

खरी तपासणी दोन टप्प्यांनीं होते. पहिल्यांत लेखी पद्धति व तयारी पाहतात. दुसऱ्यांत लिहिलेल्याप्रमाणें काम होतें कीं नाहीं, हें माणसांस विचारून व दप्तर उघडून पाहतात. जेथें मेळ बसत नाहीं, तेथें शेरा मारतात. संस्थेस कारण शोधून दुरुस्ती दाखवावी लागते. प्रमाणपत्र साधारणतः तीन वर्षांचें असून मधल्या वर्षांत पुन्हां पाहणी होते. हें मानक संस्थेचें ध्येय थोर कीं क्षुद्र, हें ठरवीत नाहीं. जें करूं म्हणून लिहिलें, तेंच करतां काय, आणि चुकलें तर पुढें काय करतां, एवढेंच तें विचारतें.

तिसरा मार्ग संकटनिवारणाच्या संस्थांकरितांच असून आमच्या कामास तो सर्वांत जवळचा आहे. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या व २०२४ सालीं सुधारलेल्या ‘कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड’ या मानकांत नऊ वचनें आहेत. विशेष हा कीं, तीं दात्यास दिलेलीं नसून संकटग्रस्तास दिलेलीं आहेत: मदत वेळेवर व गरजेप्रमाणें मिळेल, मदतीमुळें नुकसान होणार नाहीं, निर्णयांत त्याचें म्हणणें ऐकलें जाईल, तक्रार निर्भयपणें करतां येईल, इत्यादि. संस्थेनें प्रथम स्वतःचें परीक्षण करावें, आणि नंतर स्वतंत्र परीक्षकाकडून पडताळणी अगर प्रमाणपत्र घ्यावें, अशी व्यवस्था आहे. याच्या जोडीस १९९७ सालीं सुरू झालेल्या ‘स्फिअर’ या उपक्रमाचीं मापें आहेत. संकटकाळीं माणशीं रोज निदान १५ लिटर पाणी, हें त्यांतील प्रसिद्ध माप.

याचा व्यवहारांत अर्थ काय, तो एका हिशेबानें कळेल. २०० माणसांच्या पाड्यास रोज ३,००० लिटर पाणी लागेल. १०,००० लिटरचा टँकर तेथें तीन दिवसांहून थोडा अधिक पुरेल. म्हणजे एप्रिल व मे या ६१ दिवसांत त्या एका पाड्यास निदान १९ खेपा हव्या. आतां ‘आम्हीं पाड्यास टँकर दिले’ असें अहवालांत छापलें असेल, तर दात्यास विचारतां येतें: किती खेपा? पाणी कोठें ओतलें? उतरून घेतल्याची सही कोणाची? ज्या दिवशीं टँकर आला नाहीं, त्या दिवसाची नोंद कोठें आहे? गुणवत्ता म्हणतात ती याच उत्तरांत असते.

तयारी कशी होते

येथें स्वतःची एक कबुली देणें मला प्राप्त आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर आम्हीं कांहीं तरुणांनीं मदत गोळा केली; मी त्या मंडळींचा चिटणीस होतों. एका वृद्ध धान्यव्यापाऱ्यांनीं तांदळाचीं चाळीस पोतीं दिलीं. तीं वस्त्यावस्त्यांतून वांटलीं गेलीं, याविषयीं मला तेव्हांही संशय नव्हता व आजही नाहीं. सहा महिन्यांनीं ते गृहस्थ माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘वकीलसाहेब, पोतीं कोणाकोणाकडे गेलीं, तेवढें दाखवा, मला मुलांना सांगायचें आहे.’ माझ्यापाशीं यादी नव्हती. मीं तोंडी सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें, चहा घेतला, आणि कांहीं न बोलतां ते निघून गेले. त्या घरांतून आमच्याकडे पुन्हां देणगी आली नाहीं. चोरी कोणीं केली नव्हती. परंतु चोरी झाली नाहीं, हें दाखविण्याचें साधनही आम्हीं ठेवलें नव्हतें. आणि न्यायालयांत मी रोज दुसऱ्यांकडे पुरावा मागत होतों!

तेव्हांपासून माझें मत असें झालें आहे कीं, प्रमाणपत्राची तयारी अर्जाच्या दिवशीं सुरू होत नाहीं; ती पहिल्या पावतीपासून होते. पावतीपुस्तकांस अनुक्रमांक असावे आणि रद्द केलेली पावतीही फाडून न टाकतां पुस्तकांतच ठेवावी. बँकेंतून पैसा दोन सह्यांशिवाय निघूं नये. मालाची आवक-जावक स्वतंत्र वहींत असावी. वांटपाच्या यादीवर घेणाराची सही अगर अंगठा असावा. एखाद्या विश्वस्ताचाच टँकर भाड्यानें घेतला असेल, तर ती गोष्ट सभेच्या वृत्तांतांत लिहावी व त्या विश्वस्तानें त्या ठरावावर मत देऊं नये. तक्रारवही असावी, आणि वर्षभर ती कोरी राहिली, तर लोक समाधानी आहेत असें न समजतां, लोकांस लिहितां येत नाहीं कीं लिहिण्याची भीति वाटते, याचा शोध करावा. वर्षभर इतकें निष्ठेनें केलेल्या संस्थेस पाहणीदाराचें भय उरत नाहीं.

दात्यांकडे एक मागणें

आतां दुसरी बाजूही मांडली पाहिजे. दाता म्हणतो, ‘माझा रुपया सगळा टँकरासच जावा, कचेरीस एक पैसाही नको.’ तोच दाता दुसऱ्या श्वासास प्रमाणपत्र मागतो. प्रमाणपत्रास तर हिशेबनीस लागतो, तपासनिसाचें शुल्क लागतें, पाहणीची फी लागते. हा खर्च कोणीं करावयाचा? मोठ्या शहरांतील संस्थेस तो जड नसतो. जव्हार-मोखाड्याकडील चार शिक्षक व दोन आशाताई मिळून चालविलेल्या मंडळास तो पेलत नाहीं. परिणाम असा कीं, जेथें गरज जवळ आहे तेथें कागद नाहीं, आणि जेथें कागद आहेत तेथून गरज दूर आहे. याचा उपाय प्रमाणपत्राची अट सोडणें हा नव्हे. ती पुरी करण्यास हात देणें हा आहे. देणगीच्या पत्रांतच, हिशेब व तपासणी यांसाठीं अमुक भाग, असें लिहून द्यावें. ज्यांच्या पेढीवर मुनीम आहेत, त्यांनीं महिन्यांतून एक दिवस आपला मुनीम अशा एखाद्या लहान संस्थेस उसना द्यावा. आमच्या तालुक्यांत सनदी लेखापालांची वाण नाहीं; त्यांपैकीं दहांनीं एकएक संस्था पत्करली, तरी पुष्कळ काम होईल.

आणि देणगी देण्यापूर्वीं प्रत्येकानें पांच गोष्टी विचाराव्या. शेड्यूल एकवर कोणाचीं नांवें आहेत? गेल्या वर्षाचे तपासलेले हिशेब कोठें आहेत? गुणवत्तेचें प्रमाणपत्र असल्यास तें कोणीं, कशाची पाहणी करून, कोणत्या तारखेपर्यंत दिलें आहे? नसल्यास तयारी कोठवर आली आहे? आणि मदत पोंचली त्या जागीं मला नेऊन दाखवाल काय? पहिल्या चार प्रश्नांचीं उत्तरें कागदावर मिळतील. पांचव्याचें उत्तर पाड्यावर मिळेल. कागद नाहीं म्हणून तोंडीं भरवसा ठेवणें जितकें चुकीचें, तितकेंच कागद आहे म्हणून पाड्यावर न जाणें चुकीचें.

वसई-विरारच्या नळांस सूर्या नदीच्या धरणाचें पाणी येतें. त्याच आपल्या पालघर जिल्ह्यांत, मोखाड्याच्या बाजूस, उन्हाळा चढला कीं बायाबापड्या हंडे घेऊन टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. त्यांनीं आमच्यापाशीं कोणतेंही प्रमाणपत्र मागितलेलें नाहीं, आणि त्या मागणारही नाहींत. म्हणूनच तें त्यांच्या वतीनें आपण मागितलें पाहिजे. आमच्या समितीचें पावतीपुस्तक, मालवही, वांटपाच्या याद्या व तक्रारवही कोणाही दात्यास पाहण्यास मोकळ्या आहेत. आपण यावें, पाहावें, चूक दिसल्यास तक्रारवहींत लिहावी, आणि मगच आपल्या उदार हातानें जें देणें उचित वाटेल तें द्यावें, ही नम्र विनंति.